योगशिक्षक प्रशिक्षण : शुल्क भरण्याआधी वर्ग पाहा

महोदय,

नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या भागांत योगशिक्षक प्रशिक्षणाच्या जाहिराती हल्ली जागोजागी दिसतात आणि त्यांतील अनेकांवर ‘२०० तास, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ हे शब्द ठळक असतात. असे प्रमाणपत्र बहुधा ‘योगा अलायन्स’ या अमेरिकी संस्थेच्या नोंदणीशी जोडलेले असते. ती सरकारी संस्था नव्हे. परदेशात शिकवायचे असल्यास तिचा उपयोग होतो. मात्र इथेच काम करायचे असेल, तर आयुष मंत्रालयाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षेची तयारी करून घेणारा अभ्यासक्रम आधी पाहावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे शुल्क भरण्यापूर्वी तिथला एखादा नेहमीचा वर्ग पाहावा. पश्चिमोत्तानासनात पुढे झुकता न येणाऱ्या साधकाच्या पाठीवर शिक्षक दाब देतो, की गुडघे किंचित वाकवायला सांगून बैठकीखाली घडी घातलेली सतरंजी सरकवतो, एवढ्यावरूनही पुष्कळ कळते. उच्च रक्तदाब, मणक्याचा त्रास किंवा गर्भारपण असताना काय टाळावे हे नीट शिकवतात का, आणि बी.एड.ला असतात तसे सराव पाठ प्रशिक्षणार्थींना प्रत्यक्ष घ्यायला मिळतात का, हेही निःसंकोच विचारावे. (या प्रश्नांनी चिडणारी संस्था आपोआपच यादीतून बाद होते.)

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांना महिनाभराचा निवासी वर्ग जमणे कठीण. त्यांनी सुट्टीच्या दिवशी चालणारा, वर्षभराचा अभ्यासक्रम निवडावा. सराव अंगी मुरायला तेवढा वेळ लागतोच.

– एक वाचक, नाशिक