टिटवाळ्याचा ळ

टिटवाळा, रविवार रात्र

प्रिय मंदार,

तुझं पत्र येऊन महिना झाला. हातात फॉन्टचं काम आहे आणि ते सोडवत नाही, म्हणून उशीर.

आपल्या फलाटाच्या टोकाची पिवळी पाटी आठवते ना? मराठीत 'टिटवाळा', हिंदीत 'टिटवाला'. त्या एका ळ पासून मी सुरुवात केली. पाटीवरचा ळ भरदार, दोन्ही पोटं गोल, धावत्या गाडीतूनही वाचता येणारा. मला तो अण्णांच्या स्टेन्सिलमधून, म्हणजे अक्षरं कापलेल्या पुठ्ठ्यावरून रंग मारून, काढायचा होता. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांनी डब्यांवर किती नंबर मारले, तुला ठाऊक आहेच.

कॉम्प्युटरवर शिरोरेषा सलग ठेवली, फार देखणी दिसली. मग तेच जाड पुठ्ठ्यात ब्लेडनं कापलं. शिरोरेषेची लांब फट पडताच खालचा पुठ्ठा लोंबायला लागला, व चं पोट सुटून खाली पडलं, मागोमाग ळ ची दोन्ही. अण्णा शेजारीच बसले होते. "टाके ठेव," एवढंच म्हणाले, म्हणजे मधे न कापलेल्या पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या, आणि पेन्सिलनं प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेषेवर आणि पोटांपाशी बारीक खूण करून दिली. मंदार, अख्खा शब्द जिनं बांधलेला असतो, नेमकी तीच रेषा स्टेन्सिलसाठी तोडावी लागते!

आठ दिवस टाक्याची रुंदी बदलत होतो. रुंद केला की शब्द टि-ट-वा-ळा असा सुटा होतो, अरुंद केला की लहान आकारात शाईनं बुजतो. शेवटी अक्षराच्या उभ्या दांड्याच्या जाडीच्या निम्मा ठेवलाय. 'कुर्ला'तला रफार मात्र अजून दाद देत नाही.

तू जर्मनीत रस्त्यांच्या पाट्यांवर वाचतोस ना, त्या अक्षरांचं मूळही रेल्वेतच आहे. प्रशियाच्या रेल्वेनं १९०५ मध्ये गाड्यांवरच्या मजकुरासाठी अक्षरं आखून दिली, त्यांतून पुढे १९३६ चं डीआयएन १४५१ हे अक्षरांचं जर्मन मानक आलं. पट्टी-कंपास घेऊन कुणालाही काढता यावीत अशी साधी अक्षरं. मला देवनागरीत तेच करायचंय. गावातल्या पेंटरनं पुठ्ठा कापावा, रंग मारावा आणि अक्षर नीट उठावं.

सोबत 'टिटवाळा' छापलेला कागद पाठवतोय. भिंतीला लाव, दहा पावलं मागे जा आणि डोळा कुठे अडतो ते कळव. अण्णांना ळ पटलाय, वेलांटी अजून नाही.

तुझा,
अवि