शोधायला कोण निघतं

चिपळूण,
4 नोव्हेंबर

प्रिय नंद्या,

तू पाठवलेलं एडन थॉमसचं 'सेमेटरी बॉईज' परवा रात्री संपवलं. तुझं वाचून झालंय, म्हणून शेवटासकट मोकळेपणाने लिहितोय. तू म्हणालास, भुतांची गोष्ट आहे पण भीती वाटत नाही. मला मात्र एका ठिकाणी पोटात खड्डा पडला, आणि तिथे भूत नव्हतं.

सुरुवातीलाच मिगेल, यादरिएलचा भाऊबंद, मरतो. पूर्व लॉस एंजेलिसमधली ती ब्रुहोंची, म्हणजे जादू जाणणाऱ्यांची, जमात. एकाचा जीव गेला की सगळ्यांना एकाच वेळी कळ जाणवते. घरात एकच धावपळ उडते, जो तो मिगेलला शोधायला बाहेर पडतो. यादरिएलही निघतो. गोष्टीचा नायक, सोळा वर्षांचा ट्रान्स मुलगा. बाप त्याला सांगतो, तू बायकांबरोबर घरीच थांब. बाप दुष्ट नाही रे. पोरावर जीव आहे त्याचा. म्हणूनच ते जास्त लागतं.

त्यांच्यात पुरुषांनी आत्म्यांना पुढच्या वाटेला लावायचं, बायकांनी रोग-जखमा बऱ्या करायच्या, आणि पंधराव्या वर्षी मृत्युदेवीसमोर विधी करून ती शक्ती घ्यायची. यादरिएलचा विधी घरचे पुढे ढकलत राहतात. शेवटी, मिगेल जातो त्याच्या थोडं आधीच, तो आणि त्याची नात्यातली बहीण मारित्सा गुपचूप चर्चमध्ये जातात. मारित्साने स्वतः घडवलेला खंजीर त्याच्या हाती, विधीला कोंबडीचं रक्त. प्राण्याचं रक्त लागतं म्हणून स्वतःची बरं करण्याची शक्ती न वापरणारी ही मुलगी, पण भावासाठी विधीला सोबत उभी राहते. आणि देवी त्याला पहिल्याच फटक्यात मुलगा म्हणून स्वीकारते. तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ पडवीत बसलो.

पण मला खरं लिहायचंय ते ज्युलियनबद्दल, यादरिएलने चुकून ज्याचं भूत बोलावलं त्या पोराबद्दल. तोही त्याच रात्री नाहीसा झाला. त्याच्यासाठी गाव धावलं नाही. त्याला शोधणारी चारच पोरं: फ्लाका, लुका, रॉकी, ओमार. घराने टाकलेली, एकमेकांच्या आधाराने जगणारी. आणि त्याला स्वतःचं मरण बाजूला ठेवून एकच घोर, माझी माणसं सुखरूप आहेत ना. जादू नाही, पूर्वज नाहीत, विधी नाहीत, तरी जमात म्हणावी तर तीच.

यादरिएलच्या कात्रिस काकाचंही तू मनाला लावून घेतलं असशील. थोरला असून अंगात शक्ती नाही म्हणून मान धाकट्या भावाला गेला. आपल्याला मोजत नाहीत हे दुःख काका-पुतण्याचं अगदी सारखं, म्हणून तर दोघांचं एवढं जमायचं. शक्तीसाठी त्याने माणसांचे बळी द्यायला घेतले, त्याला क्षमा नाहीच. तरी मला वाटतं, त्या लोकांनी यादरिएलला शेवटी आपलं म्हटलं तेव्हा कात्रिसचा हिशेबही कुणीतरी मांडायला हवा होता. लेखिकेने, चुकलो, लेखकाने, तिथे थोडं लवकर आवरलंय.

1 आणि 2 नोव्हेंबरला मेलेल्यांसाठी त्यांनी सजवलेल्या वेदीवर झेंडूच झेंडू. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा तिकडचाच, मेक्सिकोचा. यंदाचं वाळलेलं तोरण अजून आमच्या दारावर आहे. काल ते बघताना एकदम बंड्या आठवला.

आठवतंय तुला? खोताचा पुतण्या खाडीवरून आला नाही त्या रात्री सगळी वाडी पेट्रोमॅक्स घेऊन किनाऱ्याला उतरली होती. मे महिन्यात बंड्या नाहीसा झाला तर सगळ्यांचं एकच, 'जातोय कुठे, भूक लागली की येईल.' तू आणि मी बॅटरी घेऊन निघालो. पऱ्यापर्यंत गेलो, साकवाखाली हाका मारल्या, सेल उतरले तसे घाबरून परत फिरलो. तिसऱ्या दिवशी तो आपणहून आला. कुठे होतास, हे आपणही विचारलं नाही. बारावीच्या वर्षी गेला तो गेलाच.

परवा एस.टी. स्टँडवर त्याची आई भेटली. पनवेलकडे टेम्पो चालवतो असं कुणीतरी तिला सांगितलंय, नक्की काही नाही. मी तिला म्हटलं, आम्ही बघतो. 'आम्ही' म्हणताना तुला गृहीत धरलं.

दिवाळीला येतोयस ना? दहावीचा ग्रुप फोटो तुझ्याकडेच आहे, त्यात त्याचा चेहरा स्पष्ट आलाय. तो घेऊन ये. भाऊबीज झाली की सकाळच्या गाडीने निघू. वहिनींना माझा नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा,
दिगू