ताई, तुम्ही आम्हाला ‘नाही’ म्हणालात त्याबद्दल थँक्यू

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाहीये, तुम्हीच तेव्हा म्हणाला होतात की माझं नाव कुठे टाकू नका म्हणून. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय, कारण आमचं घर आगीत गेल्यावर तुम्ही वकील म्हणून आम्हाला फुकट जे जे सांगितलंत त्यातलं निम्मं आपल्या लोकांना अजून माहीतच नाहीये हे मला परवा आमच्या ग्रुपवर कळलं, आणि कॅलिफोर्नियात आगी काही संपलेल्या नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ७ जानेवारी २०२५ ला सकाळी पॅलिसेड्सला आग लागली आणि त्याच संध्याकाळी आमच्या डोंगराला, ईटन कॅन्यनला. वारा असा होता की जळते निखारे गल्ल्याच्या गल्ल्या ओलांडून जात होते. आमच्या गावात, लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेनात, १९ माणसं गेली, ९ हजारांच्या वर इमारती गेल्या. आम्ही लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेला राहायचो, तिथे घर सोडायची ऑर्डर पहाटे तीन वाजून गेल्यावर आली, आम्ही धुराच्या वासानेच आधी निघालो होतो म्हणून वाचलो. घर भाड्याचं होतं, ते गेलं. त्याच्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही, ते लिहायला बसले की पत्र पुढे सरकत नाही.

मला लिहायचंय ते पुढच्या दिवसांबद्दल. ताई, त्या दिवसांत आम्हाला भेटणारा प्रत्येक माणूस हो म्हणत होता. वकिलांच्या जाहिराती फोनवर धो धो यायच्या, तुम्हाला लाखो डॉलर मिळतील, आजच सही करा. कुणी म्हणे फेमा, म्हणजे आपत्तीत मदत करणारं सरकारी खातं, सगळ्यांना पैसे देतं, कुणी म्हणे इन्शुरन्स आहे ना मग काय काळजी, ऑफिसातले लोक म्हणायचे अमेरिकेत सिस्टिम चांगली असते सगळं होईल. मनाने चांगलेच होते सगळे, पण ऐकून ऐकून डोकं बधिर झालं होतं. पासाडेना सिटी कॉलेजच्या मदत सेंटरवर फेमा, काउंटी, स्मॉल बिझनेसचं लोन, गाडीच्या लायसन्सचं डीएमव्ही अशी टेबलं फिरत फिरत आम्ही शेवटी फुकट कायदेशीर मदतीच्या टेबलाशी आलो, आणि तुम्ही आमचं आडनाव वाचून सरळ मराठीत विचारलंत, “घर स्वतःचं की भाड्याचं? व्हिसा कोणता? पोरगी कुठे जन्मली?” एवढंच. बसा, पाणी घ्या, फार वाईट झालं, हे सगळं नंतर आलं. मला ते फार बरं वाटलं, खरं सांगते.

मग तुम्ही म्हणालात, “फेमाचे पैसे तुम्हा दोघांच्या नावावर मिळणार नाहीत.” एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाले, आणि एच-फोर, म्हणजे त्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावाले, त्यांच्या नियमात बसत नाहीत, सिटिझन किंवा ग्रीन कार्ड वगैरे लागतं. माझ्या नवऱ्याचा चेहरा पडला. आणि तुम्ही त्याच दमात पुढचं वाक्य टाकलंत, पोरगी इथली सिटिझन आहे ना, अठराच्या आत आहे, आगीच्या वेळी तुमच्याबरोबर त्याच घरात राहत होती, तिला सोशल सिक्युरिटी नंबर आहे, मग तिच्या वतीने तुम्ही पालक म्हणून अर्ज करा. हे आम्हाला तोपर्यंत कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. उलट आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी ‘आपल्याला काय मिळणार’ म्हणून अर्जच केला नव्हता, त्यांना मी त्याच रात्री फोन केले. मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवली होती म्हणून जमलं त्यांचं. आणि हेही लिहून ठेवते, पैशाला व्हिसा आडवा येतो पण फुकट कायदेशीर सल्ला, निवारा, समुपदेशन याला येत नाही, तेव्हा लाजून घरी बसू नका.

मग आलं ते पत्र. फेमाचं पत्र ज्याने कधी वाचलंय त्यालाच कळेल, पहिल्याच पानावर तुम्ही अपात्र आहात असं छापलेलं. आम्ही समजलो संपला विषय. तुम्ही ते पत्र हातात घेतलंत, पेन्सिलने खालची एक ओळ अधोरेखित केलीत आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक तारीख लिहिलीत, पत्रावरच्या तारखेपासून ६० दिवस मोजून. म्हणालात, हे नाही म्हणत नाहीयेत, हे कागद मागतायत. तुमचा रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूच्या सामानाचा विमा, आहे, एकाच नुकसानीचे पैसे सरकार दुसऱ्यांदा देत नाही, तेव्हा इन्शुरन्सवाल्यांनी किती दिले किंवा काय नाकारलं त्याचं पत्र जोडा आणि अपील करा, आणि प्रत्येक पानावर अर्जाचा नंबर आणि आपत्तीचा नंबर टाका, पानं सुटी होतात तिथे. आपत्तीचा तो ४८५६ आकडा मला आता आमच्या लग्नाच्या तारखेइतका पाठ आहे. अपील मंजूर झालं. आमची पॉलिसी छोटी होती, सामानाच्या कव्हरमध्ये अर्धं सामानसुद्धा बसत नव्हतं, म्हणून वरचं थोडं फेमाकडून आलं. फार मोठी रक्कम नव्हती पण त्यातून गाद्या, पोरीचं टेबल आणि नवऱ्याच्या कामाचा लॅपटॉप झाला.

डिपॉझिटचं तर मी सगळ्यांना सांगत सुटलेय. घर जळून राख झालं आणि मालक म्हणतो लीज जूनपर्यंत आहे, डिपॉझिट नंतर बघू, जानेवारीचं भाडं तर भरलंयच तुम्ही. आम्हाला वाटलं असेल बाबा नियम इथला, सही तर केलीय. तुम्ही म्हणालात वस्तूच राहिली नाही तर भाडेकरार कसला राहतोय, तसं सिव्हिल कोडमध्येच लिहिलंय, १९३३ नंबरचं कलम. आणि डिपॉझिटसाठी १९५०.५, घर सुटल्यापासून २१ दिवसांत परत करायचं किंवा कापलं तर कशासाठी कापलं ते लेखी द्यायचं, मुद्दाम अडवून ठेवलं तर कोर्ट वरून डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत दंड लावू शकतं. मग तुम्ही एक पानी पत्र लिहून दिलंत. ते पत्र मी जपून ठेवलंय, कारण त्यात एकही शब्द चढा नव्हता. दोन कलमं, दोन तारखा, रक्कम, आणि शेवटी एवढंच की अमुक दिवसांत न आल्यास आम्ही स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, जाऊ. तिथे १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा माणसाला स्वतः लावता येतो आणि वकील उभा करता येत नाही. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, तिथे मी कामाची नाही, तुम्हालाच बोलावं लागेल. जायची वेळच आली नाही. डिपॉझिटही आलं आणि आगीनंतरच्या दिवसांचं भाडंही, मालकाने बरोबर सॉरीसुद्धा लिहिलं होतं, बिचारा तोही स्वतःच्या इन्शुरन्सशी भांडत होता.

आता तो कॉन्ट्रॅक्ट. आमच्या नवऱ्याने एका वकिलाचा कागद आणला होता, आग त्यांच्यामुळे लागली असं म्हणत वीज कंपनीवर दावा लावायचा, वकिलाला आत्ता एक पैसा द्यायचा नाही, जिंकलो तर टक्केवारी. तुम्ही तो कागद वाचायला घेतलात आणि मला वाटतं एवढ्या हळू वाचणारा माणूस मी त्या दोन महिन्यांत पाहिला नव्हता. आधी स्टेट बारच्या, म्हणजे राज्यातल्या वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर त्या वकिलाचा नंबर टाकून बघितलात, आहे का, काही कारवाई झालीय का. मग तीन ठिकाणी बोट ठेवलंत. टक्केवारी खर्च वजा करून की खर्चाच्या आधी? इन्शुरन्सचे पैसे, जे तुम्ही स्वतःच मिळवणार आहात, त्यातूनही हिस्सा घेणार का? आणि ही टक्केवारी कायद्याने ठरलेली नाही, बोलून कमी करता येते, हे वाक्य करारात लेखी असलंच पाहिजे, ते कुठे आहे? नव्हतं. तुम्ही तो वकील वाईट आहे असं म्हणाला नाहीत, सही करू नका असंही म्हणाला नाहीत, तुम्ही म्हणालात, “आज करू नका.” मालमत्तेच्या नुकसानीचा दावा लावायला इथे तीन वर्षं मिळतात, माणूस गेला किंवा इजा झाली असेल तर दोनच, तेव्हा तुमच्याकडे वेळ आहे, घाई त्यांना आहे.

किती खरं होतं ते. त्यानंतर २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकन सरकारने स्वतःच त्या वीज कंपनीवर, सदर्न कॅलिफोर्निया एडिसनवर, केस लावली, ऑक्टोबरात कंपनीने स्वतःची भरपाई योजना काढली, भाडेकरूंनाही त्यात अर्ज करता येतो, पण तिथली ऑफर स्वीकारली की दाव्याचा हक्क सोडावा लागतो. आग नेमकी कशाने लागली याचा सोक्षमोक्ष कोर्टात काय लागायचा तो लागेल. आम्ही नंतर दुसऱ्या वकिलाकडे गेलो, तेच तीन प्रश्न विचारले, त्याने करारात दोन ओळी बदलून दिल्या. मी हे मुद्दाम सांगतेय कारण लोकांना वाटतं वकिलाच्या कागदावर बोलायचं नसतं.

शेजारच्या आजोबांचं काम तर तुम्ही रांगेत नसताना केलंत. त्यांचं स्वतःचं घर होतं, चाळीसेक वर्षांचं, आणि नुकसान मोजायला आलेल्या इन्शुरन्सच्या अ‍ॅडजस्टरने त्यांना सांगितलेलं की घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी करा, कधी घेतली, केवढ्याला घेतली. ऐंशीच्या पुढचा माणूस, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरपाशी येऊन थांबायचे, चमचे किती होते ते आठवेना. तुम्ही त्यांना सांगितलंत की आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीत घर पूर्ण गेलं असेल तर घराच्या कव्हरच्या निदान ३० टक्के, जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, यादी न करता द्यावे लागत, असा तेव्हाचा, २०२५ चा नियम होता, त्याहून जास्त हवे असतील तर मग यादी. आणि बाहेर राहण्याचा खर्च निदान २४ महिने, पॉलिसीतली रक्कम असेपर्यंत. आणि पूर्ण पॉलिसीची प्रत लेखी मागा, ३० दिवसांत द्यावी लागते. आजोबांनी ते सगळं एका पाकिटाच्या मागे लिहून घेतलं. भाडेकरूंना हे ३० टक्क्यांचं लागू पडत नव्हतं, हेही तुम्ही मला तिथेच सांगून टाकलंत, मी विचारायच्या आत. आम्ही यादी केली मग, फोनमधल्या जुन्या वाढदिवसांच्या फोटोंमधून, मागे दिसणारं प्रत्येक कपाट झूम करून.

बाकीची कामं पटापट लिहिते. घर शोधताना एजंटने भाडं अचानक वाढवून सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात आणीबाणीत १० टक्क्यांच्या वर वाढवणं गुन्हा आहे, जुन्या जाहिरातीचा आणि नव्या जाहिरातीचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या आणि राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाकडे, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरलकडे टाका. जळालेल्या पासपोर्टसाठी आधी पोलिस रिपोर्ट, मग सॅन फ्रान्सिस्कोचं कॉन्सुलेट. आय-९४, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीचा कागद, ऑनलाइन निघतो, त्याच्यासाठी रडू नका. राख उचलायला आर्मी कोअर, म्हणजे लष्कराचे इंजिनिअर, येणार, पण त्या परवानगीच्या फॉर्मवर सही मालकाची लागते, भाडेकरूला कुणी विचारत नाही, तेव्हा आम्हाला आधी एकदा राख चाळू द्या असं मालकाला लेखी कळवा. कळवलं. मास्क, ग्लोव्ह्ज, पांढरे सूट घालून गेलो आणि सासूबाईंचा दगडी खलबत्ता मिळाला, बत्ता तडकलाय पण खल शाबूत आहे. आणि ती वही! कुणालाही फोन केला की तारीख, वेळ, माणसाचं नाव, काय म्हणाला. आमची इन्शुरन्सची केस तीन वेगवेगळ्या अ‍ॅडजस्टरच्या हातातून गेली, प्रत्येक नवा माणूस म्हणायचा असं काही ठरलेलं दिसत नाही, आणि मी वही उघडून वाचून दाखवायचे. चौथ्यांदा माणूस बदलला नाही.

सगळं झालं असंही नाही. माझी लग्नातली कागदपत्रं, आईची पत्रं याचं कुठल्याच फॉर्ममध्ये काही होत नाही, तेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. माझा कामाचा परवाना नव्हता तेव्हा बेकारीच्या मदतीचं विचारलं, त्यालाही नाही म्हणालात. पण तुम्ही नाही म्हणता हे कळल्यावरच तुमच्या हो वर आमचा विश्वास बसला ना ताई, नाहीतर त्या गर्दीत तुम्हीही अजून एक गोड बोलणाऱ्याच वाटला असतात.

नवरा विचारतोय तुमच्या संस्थेला काही देणगी चालते का, की तेही ऑफिसात चालत नाही. आणि मला शनिवारी वेळ असतो. वकिली येत नाही, पण फॉर्म भरताना लोकांच्या शेजारी बसता येतं, मराठी आणि हिंदीत समजावता येतं, आणि पानांवर नंबर टाकायचं काम तर मी झोपेतही करीन. चालत असेल तर कळवा.

तुमची,
उजव्या कोपऱ्यातली तारीख फोनमध्ये तीनदा अलार्म लावून ठेवणारी