मामांचा घाम आणि आपलं घर

बोरिवली, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आईने "बरं बरं" म्हणत विषय बदलला असता, म्हणून लिहून पाठवतेय.

मामांचं कळलंच असेल. मुंबईत घाम कोणाला येत नाही! पण पंखा फुल, बनियन चिंब, हात गार, आणि मामा रिकाम्या कपात चमचा फिरवत बसलेले. काही विचारलं की उत्तर भलतंच. शुगर मोजायच्या मीटरवर 48. मामींनी लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, म्हणून निभावलं.

बाबा, तुम्हीही ग्लिमेपिराइड, म्हणजे डायबेटिसची शुगर उतरवणारी गोळी, घेता. शुगर 70च्या खाली गेली की हेच करायचं आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मीटर सापडत नसेल तर शोधत बसू नका, आधी साखर द्या. पेढा नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि ही गोळी तासन्‌तास काम करत राहते, त्यामुळे तरतरी आली तरी शुगर परत उतरू शकते. डॉक्टरांना दाखवायचंच. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात थेंबही घालायचा नाही, घास श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवायचं आणि 108 लावायचा.

आई, आता तुझ्यासाठी. "झोपू दे जरा, उठले की बरं वाटेल" हे तुझं औषध बाबांच्या बाबतीत चालणार नाही. उलट्या-जुलाब किंवा ताप आहे, सारखी तहान लागतेय आणि त्यात गुंगी आली, तर ती झोप नव्हे. शुगर फार चढली की असंच होतं. श्वास खोल आणि भराभर चालला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास आला, तर एक मिनिटही थांबू नकोस. मीटरवर आकड्याऐवजी 'हाय' उमटलं तर मशीन बिघडलं असं समजू नका. बहुतेक मीटर 600च्या वर गेल्यावर तसं दाखवतात.

हार्ट अटॅकचंही तेच. बऱ्याच वर्षांच्या डायबेटिसने नसा बोथट होतात, छातीत दुखेलच असं नाही. नुसती धाप, मळमळ, जबडा किंवा हात भरून येणं, एवढंच असू शकतं. बाबा, तुम्ही त्याला गॅस म्हणून सोडा पिणार, मला माहीत आहे! तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, तर लकवा धरून चाला आणि सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

रात्री दोनला "कोणाला कशाला उठवायचं" हा भिडस्तपणा नको. केईएम पायी अंतरावर आहे, कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते. पण चालत जायचं नाही हं, आणि माझी वाटही बघायची नाही. बोरिवलीहून परळला पोचायला मला तास-दीड तास लागतो. आधी 108, मग शेजारचे, मग मी.

गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. मीटरच्या स्ट्रिप्स संपत आल्या असतील, शनिवारी घेऊन येते.

तुमची,
सोनू