पुन्हा व्हेनिसला जाताना

सांगली

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

साखरपुड्याचे फोटो अजून आत्या-मावश्यांकडून येत आहेत आणि आई ते रोज नव्याने बघते. म्युनिकला पोचताच तुम्ही दोघांनी व्हेनिसला जायचं ठरवलंत हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. शिकत असताना मित्रमंडळींच्या घोळक्यात तुम्ही तिथे गेला होतात आणि तिथेच तुमची नीट ओळख झाली, हे तू साखरपुड्याच्या आदल्या रात्री सांगितलंस. मग पूर्वी तू आम्हाला तिकडे नेलं होतंस तेव्हा एका लहानशा पुलावर तू इतका वेळ का उभी राहिली होतीस, ते मला कळलं. त्या वेळी मी तुला चल चल करत होतो.

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या शहरात काय दिसलं, ते तुला सांगावंसं वाटतंय. गोंडोला, चांदणं, पूल हे तुम्ही बघालच. पण बहुतेक चौकांत मधोमध दगडी काठाची, झाकण लावलेली विहीर असते, तिच्यापाशी जरा थांबा. मला त्या शहरातली सगळ्यांत हुशार गोष्ट ती वाटली. चहूकडे खारं पाणी, प्यायला थेंब नाही. म्हणून त्यांनी चौकाखाली मोठा खड्डा खणून तो चिकणमातीने लिंपला, वाळूने भरला आणि मधून विहिरीचं नळकांडं वर आणलं. चौकात पडणारा पाऊस फरसबंदीतल्या भोकांतून आत उतरायचा, वाळूतून गाळून विहिरीत यायचा. १८८४ मध्ये नळाचं पाणी येईपर्यंत शहर मुख्यतः यावर जगलं. म्हणजे चौक स्वच्छ ठेवणं हा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता, आणि तो सगळ्या शेजाराचा मिळून होता.

सगळं शहर गाळात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभं आहे हे तुला माहीत आहे. चिखलात हवा पोचत नाही म्हणून लाकूड लवकर कुजत नाही. ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्याच्या तोंडाशी पांढऱ्या घुमटाचं सालुते चर्च आहे ना, त्या एकट्याखाली दहा लाखांहून जास्त खुंट आहेत. १६३० च्या प्लेगमध्ये शहराने केलेला नवस फेडायला ते बांधलं. २१ नोव्हेंबरला कालव्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि लोक चालत जाऊन मेणबत्त्या लावतात. आपण नेमके त्या दिवशी होतो. आईने मेणबत्ती लावली आणि काय मागितलं ते मला सांगितलं नाही. आता मला अंदाज आहे.

आणि नद्या! ब्रेंता, पियावे, सिले या नद्या खाडीत गाळ आणून टाकत होत्या. खाडी भरली तर शहराचं संरक्षण गेलं, बंदर गेलं. म्हणून या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून नद्यांची तोंडंच वळवून बाहेर समुद्रात सोडली. १५०१ मध्ये पाण्यासाठी वेगळा अधिकारी विभाग नेमला. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या जुन्या साहेबांची आठवण झाली. पाण्यावर रोज नजर ठेवावी लागते, असं ते म्हणायचे.

२०१९ तुला आठवतच असेल. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आपण सामान माळ्यावर चढवत होतो. आईने काय आधी उचलायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं: कागदपत्रं, औषधं, देव. त्यामुळे त्या रात्री घरात एकही वाद झाला नाही. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला व्हेनिसमध्ये भरती १८७ सेंटिमीटरवर गेली. १९६६ च्या १९४ नंतरची ती सगळ्यांत मोठी. टीव्हीवर सान मार्कोच्या चौकातलं पाणी बघताना मी आणि आई काही बोललो नाही. दुसऱ्या वर्षी ३ ऑक्टोबरला त्यांनी खाडीच्या तिन्ही तोंडांवरची ७८ पोलादी दारं पहिल्यांदा खऱ्या भरतीत उभी केली. एरवी ती पाण्याने भरून समुद्राच्या तळाशी आडवी पडलेली असतात. मोठ्या भरतीचा अंदाज आला की आत हवा सोडतात, पाणी बाहेर निघतं आणि दार उभं राहतं. शहर त्या दिवशी कोरडं राहिलं. जन्मभर कालव्यांची गेटं चालवलेल्या माणसाला ती बातमी काय वाटली असेल ते तू समजून घे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. व्हेनिसचा शासक, ज्याला ते डोजे म्हणत, ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी सोनेरी नावेतून लिदो या बेटापर्यंत जायचा आणि समुद्रात अंगठी टाकायचा. समुद्राशी लग्न! हे एकदा करून संपत नसे. दरवर्षी नवी अंगठी, दरवर्षी पुन्हा तेच शब्द. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे ते राज्य संपलं, पण आजही महापौर हा विधी करतात. त्या शब्दांमध्ये समुद्रावरच्या सत्तेची भाषा होती, ती मला पटत नाही. पण दरवर्षी पुन्हा जाऊन बोलायचं, हे मला मनापासून आवडलं.

मनू, साखरपुड्याला देणंघेणं, मानपान, हॉल, जेवण, सगळं बोलून झालं. तुम्ही दोघांनी जे बोलायचं ते राहिलं असेल तर या वेळी बोला. एकाला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली तर काय करायचं? पैसे एकत्र ठेवायचे की वेगळे? मूल हवं का, कधी? त्याच्या आई नाशिकला एकट्या असतात. आम्ही दोघं इथे आहोत. तुम्ही परत या असं मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. पण आमच्यातलं एक अंथरुणाला खिळलं तर कोण येणार आणि किती दिवस, हे त्याला आज माहीत असू दे. आईसमोर मला हे बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. पाणी उंबऱ्याला लागल्यावर हे ठरवता येत नाही, हे आपण पाहिलंय.

अशा बोलण्याला ते गाव फार चांगलं आहे. गाड्या नाहीत, हॉर्न नाही, चालावंच लागतं आणि रस्ता चुकतोच. एखादी गल्ली थेट पाण्यात संपली की दोघांना मिळून मागे फिरावं लागतं. कान्नारेज्यो या भागाच्या उत्तरेकडचे लांब सरळ कालवे घ्या, तिथे गर्दी कमी असते आणि लोक दोरीवर कपडे वाळत घालतात. तिथे अजून माणसं राहतात. १९५१ मध्ये मूळ शहरात पावणेदोन लाख लोक होते, आता पन्नास हजारही नाहीत. रियाल्टोजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत तो आकडा लावलेला असतो. तो बघून आल्यावर जे काही खरेदी कराल ते तिथल्या माणसाच्या दुकानातून करा.

थोडं कामाचं. रात्री तिथेच राहा. दिवसभराची गर्दी परतल्यावर शहर वेगळं असतं, आणि दिवसापुरत्या येणाऱ्यांना ठरावीक दिवशी जो प्रवेशकर लागतो तोही लागणार नाही. सकाळी लवकर एक नंबरची बोट घेऊन स्टेशनपासून लिदोपर्यंत जा, पुढे उभं राहायला जागा मिळाली तर सोडू नका. गोंडोलाचं भाडं बरंच आहे, दिवसा ९० युरो, पण या वेळी बसा आणि पैशाचा विचार करू नका. ते आमच्याकडून. उसाशांच्या पुलाखाली प्रेमिकांनी जावं असं सांगतात. ते उसासे मात्र तुरुंगात नेल्या जाणाऱ्या कैद्यांचे होते. मला विचारशील तर तू जिथे थांबली होतीस त्याच पुलावर त्याला घेऊन जा.

तारीख, हॉल, पाहुण्यांची यादी, सगळं तुम्ही परतल्यावर बघू. आईला मी सांगून ठेवलंय की तुम्ही तिथे आहात तोवर फोन करायचा नाही, आणि तिने कबूल केलंय. फक्त पोचल्याचा एक निरोप टाक. त्याला आमचे आशीर्वाद सांग. त्याच्या आईंशी परवाच बोललो, त्या छान आहेत.

तुझे,
बाबा