‘अकुशल’ ही नोंद कोण करतो?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात तयार कपड्यांच्या कारखान्यांतील पगारांवर जो लेख आला आहे, तो मी दोनदा वाचला आणि त्यानंतर हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. पगार कमी असला तरी कारखान्यातले काम गरीब घराला हात देते, हे लेखकाचे म्हणणे मी नाकारत नाही. बांगलादेशातल्या लाखो मुली शिलाईच्या कामामुळेच घराबाहेर पडल्या आणि त्यांच्या हातात स्वतःचा पैसा आला. माझा आक्षेप आहे तो, हे काम अकुशल असल्यामुळे त्याचा मोबदला कमी असणे स्वाभाविक आहे, या त्यांच्या विधानाला.

अंधेरी पूर्वेच्या एका निर्यात कारखान्यात १९८९ ते १९९८ अशी नऊ वर्षे मी काम केले. पहिले सहा महिने धागे तोडले, बटणे मोजली, बंडले उचलून दिली. ते हेल्परचे काम होते आणि हेल्परचा पगार मला मान्य होता. नंतर मला कॉलरच्या मशीनवर बसवले. ज्यांनी कधी कॉलर लावलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, की शर्टाच्या गळ्याची आणि कॉलरच्या पट्टीची मधली खूण जुळली नाही तर एक टोक दुसऱ्यापेक्षा सूतभर लांब राहते, आणि माल तपासायला येणारा माणूस दोन्ही टोके एकमेकांवर ठेवून आधी तेच पाहतो. गोलाईवर कापड ओढले तर चुण्या पडतात, सैल सोडले तर पट्टी उरते. हा अंदाज बोटांत यायला मला जवळजवळ वर्ष लागले. पुढे नव्या मुलींना शिकण्यासाठी माझ्याच शेजारी बसवत. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मात्र माझ्या नावापुढे अखेरपर्यंत ‘हेल्पर’ हीच नोंद राहिली. मी तीन वेळा अर्ज दिला. पहिल्या दोन अर्जांची पोचही मिळाली नाही. तिसऱ्या वेळी, मशीनवर बसायचे नसेल तर पुन्हा धागे तोडायला जा, असे तोंडी उत्तर मिळाले. किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल आणि अकुशल यांचे दर वेगळे असतात, आणि हेल्पर अकुशलात धरला जातो. त्यामुळे त्या एका शब्दाचा फटका आधी पगाराला बसला, पगारावरून प्रॉव्हिडंट फंडाला बसला, आणि काम सोडताना ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजली तेव्हा नऊही वर्षांना एकदम बसला.

लेखकाने अशा कामाला गरिबीतून वर नेणाऱ्या शिडीची उपमा दिली आहे. आमच्या घरात ती शिडी खाली उतरली. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, कायम कामगार होते. त्यांना बोनस होता, भरपगारी रजा होती. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि वडिलांना गिरणीतून पुन्हा बोलावणे आले नाही. मग मी शिलाईला लागले. शहर तेच, धंदा कापडाचाच, पण बापाला मिळालेले हक्क लेकीला मिळाले नाहीत. वडिलांच्या पाठीशी संघटना होती. आमच्या कारखान्यात चार बायका एकत्र बोलताना दिसल्या तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागा बदलत.

बांगलादेशच्या निर्यातीचे आकडे लेखात आहेत. वेतन कधी वाढले, हे मात्र लेखात नाही. तेथील तयार कपड्यांच्या कामगारांचे किमान वेतन २०१० मध्ये महिना ३,००० टका ठरले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसे दगावली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते. त्याच इमारतीतली बँक आणि दुकाने बंद राहिली आणि शिलाई कामगारांना तेवढे कामावर बोलावून घेतले. त्या वर्षाच्या अखेरीस वेतन ५,३०० टका झाले, २०१८ मध्ये ८,००० ठरले, आणि २०२३ मध्ये हजारो कामगार रस्त्यावर उतरल्यावर १२,५०० झाले, तेही मागणी २३,००० ची असताना. यातले बरेचसे महागाईने खाल्ले असेल. तरीही कौशल्य वाढले म्हणून पगार वाढला, असे यातल्या कुठल्या वर्षाबद्दल म्हणता येईल, हे लेखकाने सांगावे आणि ‘अकुशल’ हा शब्द मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक. लेखासोबत छापलेल्या छायाचित्रात मशीनवर बसलेली जी बाई आहे, तिच्या मशीनला सुईपुढचे गार्ड नाही. छायाचित्र निवडताना ते कोणाच्या लक्षात आले नसावे. माझी नजर आधी तिथेच गेली, कारण १९९३ मध्ये माझ्या डाव्या तर्जनीतून सुई आरपार गेली होती. बोटाला पट्टी बांधून मला दुपारी घरी पाठवले आणि त्या महिन्याच्या पगारातून अर्धा दिवस कापला.

आपली,
एक माजी शिलाई कामगार
लालबाग, मुंबई