स्टोनफ्लायचं नाव फोटोवरून ठरवू नका, अंडी जपा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात सह्याद्रीत नवीन बेडूक सापडला, नवीन पाल सापडली अशा बातम्या येतात त्या मी आवर्जून वाचतो, पण आपल्याच पऱ्यात (ओढ्यात) दगडाखाली राहणाऱ्या किड्यांवर कोणी लिहित नाही म्हणून हे पत्र.

देवरूख, संगमेश्वर, चिपळूणकडे घाटाच्या पायथ्याला वाहत्या पाण्यातला गोटा उलटा केला की कधी कधी चपटा पिवळट-तपकिरी किडा सरसर पळतो, शेपटीला दोन लांब धागे असतात, ती स्टोनफ्लाय या किड्याची पिल्लं, मोठं झाल्यावर यांना पंख फुटतात. मेफ्लाय हा पाण्यातलाच दुसरा किडा, त्यातल्या काहींनाही दोनच धागे असतात म्हणून धाग्यांवर थांबू नका, पायाचं टोक बघा, स्टोनफ्लायला दोन नख्या आणि मेफ्लायला एकच. इथपर्यंत भिंगाने कोणालाही जमतं. पण हल्ली पोरं मोबाईलवर फोटो काढतात, ॲप जे नाव सांगेल ते ग्रुपवर टाकतात आणि मग तेच नाव जातीसकट कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये छापलं जातं, याला माझा ठाम विरोध आहे.

पश्चिम घाटात मिळणारा स्टोनफ्लायचा निओपर्ला हा जीनसच (जवळच्या जातींचा गट) घ्या. यातल्या जाती दिसायला इतक्या सारख्या की रंगावरून, पंखांवरून काही ठरवता येत नाही. ओळख पटते ती नराच्या जननेंद्रियावरून आणि मादीच्या अंड्यावरून. अंडं अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही लहान, पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघा, काय कारागिरी आहे! एका टोकाला बाटलीच्या गळ्यासारखी कॉलर, कोणाची उंच तर कोणाची नुसती नावाला, तिथेच चिकट भाग असतो, पाण्यात पडलं की अंडं त्याने दगडाला धरून बसतं, नाहीतर आपल्या पावसाळी पाण्यात टिकलंच नसतं. कवच कोणाचं गुळगुळीत, कोणाचं बारीक खड्ड्याखड्ड्यांचं, कोणावर उभ्या किंवा तिरक्या पिळाच्या रेघा, आणि शुक्राणू आत जायला बारीक भोकं, ती कुठे आणि कशी मांडलेली आहेत तेही बघायचं असतं. हे सगळं जुळलं तर जातीचं नाव लिहावं. तेही अंडं पूर्ण पिकलेलं हवं, कच्च्या अंड्यावर या खुणा उमटलेल्याच नसतात. आणि काही जवळच्या जातींची अंडी सारखीच दिसतात म्हणून त्याच ठिकाणी त्याच वेळी मिळालेला नर सोबत पाहिजेच.

अमेरिकेत निओपर्ला क्लायमेनी हे १८३९ सालचं नाव, बरीच वर्षं तिथल्या सगळ्या निओपर्लांना तेच चिकटवत होते. १९७८ मध्ये स्टार्क आणि बाऊमन या कीटक अभ्यासकांनी नरांचे अवयव आणि अंडी नीट तपासली तेव्हा कळलं की त्या एका नावाखाली कितीतरी जाती होत्या. तिथे हे झालं, मग आपल्याकडे घाईत दिलेल्या नावांवर भरवसा कसा ठेवायचा?

कोणी म्हणेल किड्याच्या नावाने काय फरक पडतो. पडतो हो. याला भरपूर ऑक्सिजन असलेलं स्वच्छ पाणी लागतं, पाणी नासलं की आधी हाच जातो. पाण्यातल्या किड्यांवरून पाण्याचा कस ठरवायच्या ब्रिटनच्या जुन्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत निओपर्लाच्या पर्लिडी कुळाला १० पैकी १० मार्क आहेत आणि गाळातल्या गांडुळाच्या जातकुळीच्या बारीक लाल कृमींना १. आपल्याकडे गाळ काढायच्या नावाखाली पोकलेन पऱ्यात उतरतो, गोटे उपसून काठावर टाकतो, आधी तिथे काय होतं याची नोंद कुठेच नाही. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावागावात जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे, त्यात निदान "स्टोनफ्लाय, जात ठरलेली नाही" एवढं तरी लिहा, खोट्या नावापेक्षा ते शंभर पटीने बरं. आणि मशीन उतरवायच्या आधी कॉलेजवाल्यांना दोन दिवस तरी तो पऱ्या बघायला द्या, ही ग्रामपंचायतींना हात जोडून विनंती.

प्राणिशास्त्राच्या सरांना आणि मॅडमना एक सांगणं. रात्री पऱ्याजवळच्या दिव्यावर पंख फुटलेले मोठे स्टोनफ्लाय येतात, पंख पाठीवर सपाट घडी करून बसतात. मादीच्या शेपटाशी अंड्यांचा गोळा असला तर तो पुसून टाकू नका, मादीसकट ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, नर मिळाला तर तोही, डीएनए करायचा असेल तर एखादा नमुना पंच्याण्णव टक्क्यात वेगळा ठेवा. जागा, तारीख कागदावर पेन्सिलने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि जागा माहीत नसलेला नमुना काही कामाचा राहत नाही.

आपला,
एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी